शिसवी पट्टीचे कागद

२४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या अधिकाऱ्यांनी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल आणि मेम्फिस या शहरांत गिब्सन कंपनीच्या गिटार कारखान्यांची झडती घेतली. लाकडाचे गठ्ठे, काही गिटारी आणि संगणकातल्या नोंदी जप्त झाल्या. या लाकडात भारतातून गेलेले शिसव आणि आबनूस होते. गिटारच्या मानेवर चिकटवलेल्या ज्या काळसर पट्टीवर वादकाची बोटे तारा दाबतात, त्या पट्टीला फिंगरबोर्ड म्हणतात. जप्त झालेले भारतीय लाकूड त्या पट्ट्यांसाठी कापलेले होते.

या प्रकरणाने मागे बरेच कागद ठेवले. झडतीचा परवाना मिळवण्यासाठी अधिकाऱ्याने केलेले शपथपत्र, आयातीचे घोषणापत्र, भारताच्या निर्यात धोरणातले तक्ते आणि २०१२ सालचा तडजोडीचा करार हे त्यांतले मुख्य. त्यांच्या आधीचे काही कागद आपल्याकडचे आहेत आणि नंतरचे काही जिनिव्हाचे. हे सगळे क्रमाने लावले की जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या इतिहासातला एक दुर्लक्षित भाग उभा राहतो. तो आहे सह्याद्रीच्या लाकडाचा. संग्राहकांनी या वाद्यांतली तार, चुंबक आणि डाग दिलेला प्रत्येक सांधा वाचला आहे. पट्टीचे लाकूड कुठले आणि ते कोणत्या कागदावर प्रवास करत आले, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. तो प्रश्न आपण विचारायला हवा, कारण झाड आपले आहे.

झाडाची नोंद

पौड सोडून ताम्हिणीकडे निघाले की पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग लागतो. ताम्हिणीचे जंगल २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. सह्याद्रीच्या ज्या पानझडी आणि निमसदाहरित पट्ट्यात हा भाग येतो, तो शिसवाचा मुलूख आहे. गोलसर पर्णिकांचे, सावकाश वाढणारे हे झाड. त्याचे बाहेरचे लाकूड फिकट असते आणि गाभा जांभळट तपकिरी ते जवळजवळ काळा. पुण्यातल्या वाड्यांत झोपाळे, पलंग, देव्हारे आणि दारांच्या चौकटी याच गाभ्याच्या झाल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेले कोरीव काळे फर्निचर इंग्लंडपर्यंत गेले, तेही याच लाकडाचे.

शास्त्रीय नोंदीत हे झाड डाल्बर्जिया लॅटिफोलिया आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने ते नाव दिले. पश्चिम भारतातली त्याची नोंद पुण्याशी जोडलेली आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. गिटार कंपनीच्या नावाशी त्यांचे साम्य हा केवळ योगायोग आहे. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली निघाला आणि त्यात शिसवाची नोंद आहे.

झाड तोडण्यासाठी कागद लागतो, ही कल्पना मात्र इंग्रजांनी आणलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या दस्तऐवजात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा स्पष्ट नियम आहे. राज्यातल्या अरण्यांत सागवानासारखी झाडे असतील, त्यांतली हवी ती हुजुरास कळवून, परवानगी घेऊन तोडावीत. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लाकडाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार सरकारांना दिला. वाहतूक परवाना आणि ओंडक्यावर ठोकलेली हातोड्याची खूण ही त्याची ओळखीची रूपे. शिसवाचा ओंडका जंगलातून कायदेशीर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या अंगावर खूण असते आणि बरोबर कागद असतो. करवतीच्या गिरणीत खुणेचा भाग कापला जातो. तिथून पुढे फक्त कागद उरतो.

वाद्यांसाठी परदेशी गेलेले शिसव प्रामुख्याने सह्याद्रीच्या दक्षिणेकडचे, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या जंगलांचे. मुळशीचे शिसव आणि ते शिसव एकाच डोंगररांगेतले आणि एकाच जातीचे. आज ‘इंडियन रोझवुड’ म्हणून विकले जाणारे बरेचसे लाकूड इंडोनेशियातूनही येते, कारण हीच जात जावा बेटावर मोठ्या प्रमाणात लावली गेली. म्हणून पट्टीला ‘इंडियन’ म्हटले, एवढ्याने ती भारतातली ठरत नाही. ते कागदावर पाहावे लागते.

गिटारवर शिसव कसे आले

इलेक्ट्रिक गिटारच्या जन्माचा कागद म्हणजे जॉर्ज बोशाँ याचे अमेरिकन पेटंट. अर्ज १९३४ चा, मंजुरी १० ऑगस्ट १९३७ ची. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली की शेजारच्या वेटोळ्यात वीजप्रवाह उमटतो, हे त्याचे तत्त्व. आवाज उचलण्याचे काम चुंबक आणि वेटोळ्याचा हा भाग, म्हणजे पिकअप, करतो, त्यामुळे लाकडाला पोकळ पेटीचे काम उरले नाही. पण पट्टीचे काम तसेच राहिले. बोटांचा घाम, तारांचे घर्षण आणि हवेतला ओलावा हे सारे तिलाच सोसावे लागते.

अमेरिकन गिटार-निर्माता लिओ फेंडरच्या कारखान्यात सुरुवातीला मान आणि पट्टी एकाच मेपलच्या तुकड्यातून निघत. १९५१ ची प्रिसिजन बास गिटारही तशीच होती. मेपल फिकट असल्याने त्यावर लाखेचा थर द्यावा लागे. तो थर वाजवून वाजवून झिजला की खालचे लाकूड मळकट दिसे. शिसवाच्या जातीचे लाकूड घट्ट असते, त्याच्या अंगात तेल असते, त्यावर थर द्यावा लागत नाही आणि मळ दिसत नाही. १९५८ च्या जाझमास्टरपासून फेंडरने रोझवुडच्या पट्ट्या लावल्या आणि १९५९ पर्यंत त्या इतर गिटारींवर आणि बासवरही आल्या. १९६० ची जाझ बास तर जन्मापासूनच त्या पट्टीची. १९६२ च्या मध्यापर्यंत ही पट्टी खालून सपाट आणि जाड असे. त्यानंतर तिची जागा मानेच्या गोलाईवर वाकवून बसवलेल्या पातळ पट्टीने घेतली. मानेच्या टोकाला दोन लाकडांमधली रेघ सरळ आहे की कमानदार, हे पाहून आजही जाणकार वाद्याचा काळ सांगतात.

ही सुरुवातीची पट्टी ब्राझीलच्या रोझवुडची, डाल्बर्जिया नायग्राची होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली आणि गिटार कंपन्या भारताकडे वळल्या. फेंडरच्या पट्ट्यांत त्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय शिसव दिसू लागते. मार्टिन कंपनीने आपल्या अकूस्टिक गिटारींसाठी १९६९ मध्ये हा बदल केला. ज्या काळातल्या वाद्यांना आज सर्वाधिक मागणी आहे, त्याच काळात पट्टीचा देश बदलला. दोन्ही लाकडे नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखणे अवघड आहे. खात्री हवी असेल तर पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

सहा मिलिमीटर

आता २०११ च्या कागदांकडे येऊ. अमेरिकेचा लेसी कायदा १९०० सालचा. तो मुळात वन्य प्राणी-पक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध होता. मे २००८ मध्ये त्याच्या कक्षेत वनस्पती आणि लाकूडही आले. ज्या देशात झाड तोडले त्या देशाचा कायदा मोडून लाकूड आले असेल, तर ते अमेरिकेत आणणे हाही गुन्हा ठरतो. आयातदाराला घोषणापत्रात झाडाचे शास्त्रीय नाव, ते कुठे तोडले तो देश, लाकडाचे परिमाण आणि किंमत लिहावी लागते. अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेला भारताचे निर्यात धोरण वाचायला लागले, ते या तरतुदीमुळे.

भारताच्या तेव्हाच्या निर्यात तक्त्यात माल आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गवारीने मांडलेला होता. ४४०७ हे शीर्षक सहा मिलिमीटरपेक्षा जाड कापीव लाकडाचे आणि देशी जंगलातल्या अशा लाकडाची निर्यात बंद. ४४०८ हे सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्र्यांचे, त्याची निर्यात खुली. ९२०९ हे वाद्यांच्या सुट्या भागांचे, तेही खुले. इलेक्ट्रिक गिटार अख्खी गेली तर तिचे शीर्षक ९२०७. एकच लाकूड चार ठिकाणी बसू शकते आणि कुठे बसते यावर ते कायदेशीर की बेकायदा हे ठरते.

फिंगरबोर्डची रूढ जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तासून गोलाई देण्यासाठी कच्चा तुकडा त्याहून थोडा जाडच घ्यावा लागतो. रूढ जाडीच मर्यादेपेक्षा ०.३५ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या नखाएवढी, जास्त आणि वाद या जाडीभोवतीच फिरला. शपथपत्राचा मुख्य आरोप असा की, भारतातून निघताना आणि अमेरिकेत उतरताना मालाचे वर्णन वेगवेगळे होते आणि प्रत्यक्षात तुकडे मर्यादेपेक्षा जाड कापीव लाकडाचे, म्हणजे निर्यातीस बंदी असलेल्या वर्गातले होते.

शपथपत्र हा आरोप करणाऱ्याचा कागद असतो, म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. कंपनीचे म्हणणे असे की, हा भारतीय नियम जंगल वाचवण्यासाठी नसून लाकडावरचे काम भारतीय कारागिरांच्या हातून व्हावे यासाठी आहे आणि भारताने हा माल स्वतः पाठवू दिला आहे. भारताच्या परकीय व्यापार महासंचालनालयाकडूनही शिसव आणि आबनूस यांचे फिंगरबोर्ड निर्यातीस खुले असल्याचा निर्वाळा पुढे आला. एकाच वस्तूला एक सरकार कापीव लाकूड म्हणत होते आणि दुसरे वाद्याचा भाग.

ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने करार जाहीर केला. गिब्सनने ३,००,००० डॉलर दंड भरायचा, ५०,००० डॉलर वन्यजीव संवर्धनाच्या प्रतिष्ठानाला द्यायचे आणि आधी जप्त झालेल्या मादागास्करच्या आबनुसावरचा हक्क सोडायचा. त्या आबनुसाची बिलातली किंमत २,६१,८४४ डॉलर होती. त्या बदल्यात फौजदारी खटला होणार नव्हता. भारतीय लाकडाबद्दलचे कलम वेगळे आहे. भारताच्या व्यापार धोरणात फिंगरबोर्डच्या वर्गवारीबाबत प्रश्न आणि विसंगती आहेत, हे दोन्ही पक्षांनी मान्य केले. भारत सरकार स्पष्टीकरण देत नाही तोवर गिब्सनच्या पुढच्या भारतीय खरेदीवर कारवाई होणार नाही, असे ठरले. दंडाचा पाया मादागास्करचे लाकूड होते. भारतीय लाकूड परत मिळाले.

कंपनीने त्या परत आलेल्या लाकडाच्या पट्ट्या लावून ‘गव्हर्न्मेंट सिरीज’ नावाने गिटारी विकल्या. उद्याचे संग्राहक त्यांच्याबरोबरची प्रमाणपत्रे जपून ठेवतील. गिटारच्या इतिहासात फिंगरबोर्डचे लाकूड कुठून आले याचीच कथा वाद्याच्या नावात शिरल्याची ही दुर्मीळ वेळ.

जिनिव्हाचे उत्तर

दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार साइट्स या नावाने ओळखला जातो. ब्राझीलचे रोझवुड ११ जून १९९२ पासून त्याच्या सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेने, ब्राझीलचे रोझवुड सोडून, डाल्बर्जिया ही सगळी प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात घातली आणि २ जानेवारी २०१७ पासून तो निर्णय लागू झाला. रोझवुडच्या महागड्या फर्निचरसाठी चाललेली बेसुमार तोड हे त्यामागचे मोठे कारण होते. पण फटका गिटारींनाही बसला. विक्रीसाठी सीमा ओलांडणाऱ्या शिसवी पट्टीच्या प्रत्येक गिटारीला परवाना लागू लागला. फेंडरने त्याच वर्षी मेक्सिकोत बनणाऱ्या बहुतेक गिटारींवर शिसवाऐवजी पाव फेरो हे दक्षिण अमेरिकेचे लाकूड वापरायला घेतले.

ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने तयार वाद्ये, वाद्यांचे तयार भाग आणि जोडसामान यांना सूट दिली. ती २६ नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आली. या निर्णयाच्या तळटिपांत २०११ च्या भांडणाचे उत्तर सापडते. तयार वाद्य म्हणजे वाजवण्यास सज्ज, किंवा फक्त भाग बसवले की वाजेल असे. त्यात जुनी, पुरातन वाद्येही येतात. तयार भाग म्हणजे बसवण्यास सज्ज आणि खास त्या वाद्यासाठीच आकार दिलेला भाग. जाडीची अट इथे नाही. त्या जागी काम पूर्ण झाले आहे का, हा निकष आला. गोलाई दिलेली, फ्रेटच्या, म्हणजे स्वर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या कड्यांच्या, खाचा पाडलेली शिसवी पट्टी वाद्याचा भाग ठरू शकते. चौकोनी कापलेला तुकडा, तो फिंगरबोर्डसाठीच असला तरी, लाकूडच राहतो आणि त्याला परवाना लागतो. ब्राझीलच्या रोझवुडला ही सूट नाही.

पुण्या-मुळशीतल्या मालकासाठी

याचा रोजचा अर्थ काय? समजा, पुण्यात कुणी १९६० च्या दशकातली फेंडर बास विकत घेत आहे. मानेच्या टाचेवर तारीख लिहिलेली किंवा छापलेली असते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवर आकडा असतो. तो १३७६६३३ असा असेल, तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे साल आणि ३३ हा आठवडा. पण तो पॉटचा जन्म आहे, गिटारचा नाही. १९६६ मधल्या पॉटचा फेंडरकडे मोठा साठा होता आणि ते पुढची काही वर्षे वापरले गेले. म्हणून एवढेच म्हणता येते की वाद्य त्याआधीचे नाही. मानेवरची तारीख, पॉट, पिकअप आणि पूर्वी न उकललेले डाग एकमेकांशी जुळले, तरच वाद्याची साक्ष पूर्ण होते.

या साक्षीत पट्टीची भर घालायला हवी. ती ब्राझीलची असेल तर वाद्य सीमेपार विकताना किंवा आणताना, ते लाकूड १९९२ च्या आधीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. वादकाला स्वतःचे वाद्य घेऊन परदेशी जायचे असेल, तर साइट्सने वाद्यांसाठी खास प्रमाणपत्राची सोय केली आहे. ते तीन वर्षे चालते. भारतात या तपासणीत वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोची भूमिका असते. या वाटेवर जुने बिल, जुने फोटो आणि दुरुस्तीची पावती यांचे मोल पिकअपइतकेच आहे.

बदल करतानाही हेच लक्षात ठेवावे. पिकअप बदलले, तर जुने जपून ठेवता येतात आणि वाद्य पुन्हा पूर्वीसारखे करता येते. पट्टी काढून नवी बसवली, तर वाद्याचे वयच मोडते आणि काढलेल्या लाकडाची कागदावरची ओळखही हरवते. फ्रेट झिजले म्हणून पट्टी बदलू नये. नवे फ्रेट बसवता येतात. पट्टीला हात लावावाच लागला, तर काढलेला भाग आणि कारागिराची लेखी नोंद वाद्याबरोबर ठेवावी.

मुळशीच्या पावसात जपणूक अधिकच लागते. ताम्हिणीच्या परिसरात एका मोसमात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात लाकूड फुगते, मान वाकते, तारा वर येतात आणि पिकअपचे लोखंडी भाग गंजतात. वाद्य भिंतीला न टांगता पेटीत ठेवावे, पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी सुकवावे आणि मान सरळ करण्यासाठी तिच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी थोडीच फिरवावी. शिसवी पट्टी कोरडी पडली, तर वर्षातून एक-दोनदा तेलाचे अगदी हलके बोट पुरते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे हीच तिची खरी निगा.

कागदाची ताकद मुळशीकरांना नव्याने सांगायला नको. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणासाठी गेल्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. जमिनीची नोंद कुणाच्या हाती आहे यावर गावांचे भवितव्य ठरले. झाडाच्या बाबतीतही तसेच आहे. शिसव आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेले आहे आणि ते सावकाश वाढते. जंगलातल्या हातोड्याच्या खुणेपासून आगाराच्या लिलावापर्यंत, गिरणीपासून निर्यातीच्या बिलापर्यंत आणि तिथून गिटारच्या मानेपर्यंत नोंद सलग असेल, तरच त्या लाकडाचा व्यापार स्वच्छ आहे असे कुणी म्हणू शकेल. आज ही साखळी गिरणीत तुटते. २०११ च्या अमेरिकन घोषणापत्रात देशाचा रकाना होता, जंगलाचा नव्हता.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. वन विभागाने आणि निर्यातदारांनी वाद्यासाठी जाणाऱ्या शिसवाच्या कागदावर देशाबरोबर वनक्षेत्राचे नाव लिहावे. गिटार विकत घेणाऱ्याने पॉटचा आकडा विचारतो, तसे पट्टीचे लाकूड कुठले आणि त्याचा कागद कोणता, हेही विचारावे. ज्यांच्याकडे जुनी वाद्ये आहेत, त्यांनी एका पानावर वाद्याचे वर्ष, लाकूड, दुरुस्त्या आणि बदल लिहून पेटीत ठेवावे. साठ-सत्तर वर्षे जुन्या या वाद्यांचे पुढचे मालक अजून जन्मायचे आहेत. आपल्या डोंगरातल्या झाडाचे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचायचे, तर ते आपणच लिहून ठेवायला हवे.